नवव्या खोलीचा अंक

आमच्या कॉलेजच्या मुख्य दारातून आत आलं की लांबलचक व्हरांडा लागतो. त्यात ओळीने आठ खोल्या आहेत आणि टोकाला स्वच्छतागृह. आठ खोल्यांच्या दारांवर वीतभर उंचीचे पितळी अंक ठोकले आहेत. दाराकडून वाचत गेलं तर ७, ३, ९, ३, ९, १, ३, ३. नव्या माणसाला वाटतं हे खोल्यांचे नंबर. मग सातच्या शेजारी तीन कसा, म्हणून तो सुताराच्या अकलेची चौकशी करतो. ‘तीन नंबरला जा’ असं सांगितलेला विद्यार्थी चार दारं ठोठावतो आणि पाचवं ठोठावण्याऐवजी घरी जातो.

हा गणित विभाग. त्याची प्रमुख माझी बायको. कॉलेजात तिला सगळे ‘बाई’ म्हणतात. घरी मी तोंडाने काहीही म्हटलं तरी मनात ‘बाई’च म्हणतो. मी स्वतः समोरच्या इमारतीत अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या विभागाच्या दारांवर काही नाही. आत जाळ्या आहेत.

दारांवरचे अंक सलग वाचले की एक संख्या होते: सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. अशा संख्या काही कमी नाहीत, त्या संपतच नाहीत हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सिद्ध करून दाखवण्यात आलं होतं. पण हिची गंमत वेगळी. हिचा उजवीकडचा शेवटचा अंक काढून टाका, उरलेली संख्या मूळच राहते. पुन्हा शेवटचा काढा, पुन्हा मूळ. असं कापत कापत पार एकटा सात उरेपर्यंत जा, प्रत्येक पायरीवर जे उरेल ते मूळ. साप म्हणावा, तर शेपूट तोडली तरी प्रत्येक वेळी पूर्ण साप.

हा विभाग काढणारे मोठे सर. अंक त्यांनीच लावून घेतले. संख्या पुस्तकात सापडलेली, पण छापलेलंही चुकू शकतं म्हणून, लावण्यापूर्वी विद्यार्थ्यांना बसवून ती संख्या हाताने हजारावर मूळ संख्यांनी भागून घेतली. ते विद्यार्थी आता म्हातारे झालेत. भेटले की अजून त्या उन्हाळ्याबद्दल बोलतात, आणि ते प्रेमाने बोलतात की तक्रार करतात ते नीट कळत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग नवे प्राचार्य आले.

यांना कॉलेजात ‘रुंदीकरण’ म्हणतात. आल्या आल्या त्यांनी फाटक रुंद केलं, मग गाड्या लावायची जागा, मग स्वतःचं टेबल. टेबल इतकं रुंद झालं की पलीकडे बसलेल्याला सहीचा कागद द्यायला त्यांना उठून यावं लागतं. म्हणून हल्ली ते सह्या कमी करतात. सगळ्यात मोठं, सगळ्यात लांब, सगळ्यात उंच असं काही ऐकलं की त्यांचे डोळे लकाकतात. आमच्या कॉलेजच्या जिन्याला त्यांनी तेव्हाचा परिसरातला सर्वांत मोठा कठडा बसवला. त्याला धरायला हात पुरत नाही.

एके दिवशी ते बाईंकडे आले.

“बाई, एक खोली लागेल. विद्यार्थ्यांच्या समुपदेशनासाठी.”

इथे दुसरा कुठलाही विभागप्रमुख काय करतो ते मला ठाऊक आहे, कारण मी केलेलं आहे. आधी गप्प बसतो, मग ‘बघतो’ म्हणतो, मग समिती नेमतो. समितीची बैठक घ्यायला खोली नाही म्हणून कळवतो. बायकोने काय विचारावं?

“कुठली हवी?”

“कुठलीही चालेल.”

“मग उजवीकडची शेवटची घ्या,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. “घ्याच तुम्ही, सर. तुम्हाला एक गंमत सांगते.”

आणि तिने त्यांना ती गंमत सांगितली. ही संख्या उजवीकडून कितीही कापली तरी तिचं काही बिघडत नाही. रुंदीकरणांनी ते दोनदा विचारून घेतलं. “कितीही?” “कितीही, सर.” “काहीच बिघडत नाही?” “शेवटपर्यंत नाही.”

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांनी शेवटचा तीन उतरवला. बाईंनी तो पुसून आपल्या कपाटात ठेवला आणि विभागात चहा झाला. विभागात तिच्याखेरीज दोघं. एक भूमितीच्या मॅडम, ज्या खुर्चीत काटकोनात बसतात, आणि दुसरे ‘लिमिट’सर, जे प्रत्येक ठिकाणी वेळेच्या अगदी जवळ पोचतात पण पोचत कधीच नाहीत. मॅडमनी त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा ही संख्या कागदावर घेतली आणि भागायला बसल्या.

“अहो, ती मूळ आहे हे माहितीये आपल्याला,” बाई म्हणाल्या.

“माहिती असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं,” मॅडम म्हणाल्या. “नातू झाल्याचं फोनवर कळतंच. म्हणून बघायला जात नाही का आपण?”

चहा गार झाल्यावर लिमिटसर आले आणि त्यांनीही आनंद व्यक्त केला.

मग रीतच पडली. खेळाचं सामान ठेवायला खोली हवी झाली, पुढचा तीन उतरला, चहा झाला. फोटोकॉपीचं यंत्र आलं. ते इतकं अवजड की दाराची चौकट काढून आत घालावं लागलं. एक उतरला, चहा झाला. ‘गुणवत्ता कक्ष’ आला. त्याला कायम कुलूप असतं, त्यामुळे आतली गुणवत्ता अजून शाबूत आहे. नऊ उतरला. मग प्राचार्यांना मिळालेल्या सन्मानचिन्हांसाठी दालन निघालं आणि आणखी एक तीन उतरला. मॅडमचा भागाकार दर वेळी लहान होत गेला आणि चहा दर वेळी लवकर संपत गेला. या काळात माझी बायको जितकी आनंदी होती, तितकी मी तिला कधीच पाहिली नव्हती. माझ्या विभागातून कुणी एक खुर्ची उचलली तरी आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोलत नाही.

एकदा जेवताना मी सहज विचारलं, “तुमच्याकडे आता खोल्या किती?”

“सातशे एकोणचाळीस,” ती म्हणाली.

“म्हणजे तीन.”

तिने घास हातात धरला तो तसाच राहिला.

“तीन?” ती म्हणाली.

“सात, तीन, नऊ. माझ्या विषयात ह्याला तीन म्हणतात.”

“अहो, आठ होत्या.”

“होत्या. पण उरलेलं अजून मूळ आहे, ते एक बरं झालं.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वाढून घेण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. तिथे पातेल्याचं झाकण काढून बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती.

“एकदाही माझ्या लक्षात आलं नाही,” ती म्हणाली. “बरं, मीच एकटी नाही. तिघांपैकी एकाच्याही नाही. आम्ही दर वेळी जे उरलं ते तपासत होतो. जे गेलं ते कुणी मोजलंच नाही.”

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. पाडल्यावर तो धोंडा अविभाज्य आहे म्हणून चहा पिणारे हेच तिघे.

सोमवारी रुंदीकरण पुन्हा आले. येत्या शनिवारी कॉलेजचा मोठा वर्धापनदिन, मोठे सर प्रमुख पाहुणे. पाहुण्यांना बसवायला दारालगत स्वागतकक्ष हवा.

“सात नंबरची खोली लागेल, बाई. गुरुवारी सुतार पाठवतो.”

“सर, सात नको,” बाई म्हणाल्या. “नऊ घ्या.”

“नऊ आत पडते. मला दाराजवळची हवी.”

“सर, डावीकडून नाही कापता येत. सात काढला तर एकोणचाळीस उरतात. एकोणचाळीस मूळ नाही. तीन तेरे एकोणचाळीस.”

“मग?”

“म्हणजे विभागाचे तीनतेरा, सर. शब्दशः.”

रुंदीकरण हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. पाच खोल्या हसत देणारी बाई सहावीला नाही म्हणते, म्हणजे त्या खोलीत काहीतरी आहे. त्यांनी सातमध्ये एक फेरी मारली, कपाट ठोकून पाहिलं, खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर भिंत होती. तिच्याकडेही त्यांनी संशयाने बघितलं.

“सातच घेऊ,” ते म्हणाले. “आणि बाई, कार्यक्रम झाला की उरलेल्या दोन खोल्यांचंही बोलू. दोन खोल्यांत विभाग कसला चालवायचा? तुम्हाला वाणिज्यमध्ये सामावून घेतो. त्यांना आकडेमोड करणारी माणसं लागतातच.”

घरी आल्यावर तिने पर्स खुंटीला न लावता खुर्चीवर ठेवली, त्यावरून मी ओळखलं. गणित विभाग तिच्या हयातीत, तिच्या हाताने, चहा पीत बंद होणार होता, आणि ज्यांनी तो उभारला तेच शनिवारी येऊन दारावर एकोणचाळीस वाचणार होते.

“सरांना आधी सांगून ठेवू या,” ती म्हणाली. “तुम्ही पण चला. मला एकटीला तोंड दाखवायला लाज वाटते.”

“आणि माझ्या तोंडाने काय होणार?”

“ते बघून त्यांना माझं बरं वाटेल.”

मंगळवारी संध्याकाळी आम्ही मोठ्या सरांकडे गेलो. नव्वदीला टेकलेले सर टेबलावर भिंतीवरचं जुनं घड्याळ उघडून बसले होते. शेजारी त्यांची लेक, तीही आता आजी झालेली, चष्मा लावून वाचत होती.

“दुरुस्त करू नका म्हणून सांगून थकले,” ती आम्हाला म्हणाली. “बंद आहे तोवर घरात शांतता आहे. चालू झालं की दर पंधरा मिनिटांनी ठणाणा.”

“हिला वेळ कळलेली आवडत नाही,” सर म्हणाले. “ये पोरी. या जावईबापू. संख्या कशी आहे?”

बायकोने पदवीची तोंडी परीक्षा द्यावी तसं उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चहाचंही सांगितलं. मी अधूनमधून मान हलवत होतो, कारण मला तेवढ्यासाठीच नेलं होतं.

सरांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं आता म्हातारा रडतो की काय. तर ते हसायला लागले. हसता हसता खोकले. लेकीने पाणी दिलं, ते पिऊन पुन्हा हसले.

“पोरी, त्या व्हरांड्यात खोल्या मुळात किती?”

“आठ, सर.”

“नऊ. टोकाची धरून नऊ. मला नऊच्या नऊ देत होते. मी आठांवर आठ अंक लावले आणि नववा शोधायला बसलो. शून्यापासून नऊपर्यंत सगळे लावून बघितले. एकही बसेना. एक लावला तर तीनाने भाग जातो, सात लावला तरी तीनाने, पाच आणि सम अंकांचं तर बोलायलाच नको. राहिले तीन आणि नऊ. त्यांनी महिनाभर झुलवलं आणि शेवटी तेही फुटले. मग मी व्यवस्थापनाला कळवलं, नववी खोली आमच्या उपयोगाची नाही.”

“मग?”

“मग त्यांनी तिथे स्वच्छतागृह केलं.”

लेकीने पुस्तकातून मान वर केली. “हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.”

“तुझ्या आईला सांगितलं होतं. ती चार दिवस बोलली नाही. तेव्हापासून सांगणं सोडलं.” सर बायकोकडे वळले. “म्हणजे विभागाची पहिली खोली मी घालवली. तू नुसती परंपरा चालवलीस. बस आता खाली.”

ती बसली. मला अजून कुणी बसायला सांगितलं नव्हतं, पण मीही बसलो.

“आता मला सांग, ह्या तुझ्या प्राचार्याला तू त्या संख्येबद्दल काय सांगितलंस?”

“उजवीकडून कितीही कापली तरी मूळ राहते.”

“अगं, कसायाला जाऊन सांगितलंस की हे बोकड कितीही कापा, ओरडत नाही. तो सुरी नाही तर काय वही घेऊन येणार?” सरांनी घड्याळाचं एक चाक उचलून उजेडात धरलं. “आणि ती तशातली सगळ्यांत मोठी आहे, हे सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“सर, ते ओघानेच येतं ना. नववा अंक बसत नाही, दुसऱ्या कुठल्याही वाटेने गेलं तरी आठांच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे हीच सर्वांत मोठी. त्यात काय सांगण्यासारखं? खरी गंमत कापण्यात आहे.”

“गंमत तुला आणि मला. त्याला कशाची गंमत वाटते?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी त्या कठड्याचं सांगितलं, ज्याला हात पुरत नाही. सर म्हणाले, “मग झालं तर.”

झालं मात्र नाही. घरी येताना सगळी अडचण माझ्या लक्षात आली. ‘ही जगातली सर्वांत मोठी संख्या आहे’ एवढं वाक्य म्हणायचं होतं, आणि माझी बायको ते म्हणू शकत नव्हती.

“कारण ते खोटं आहे,” ती म्हणाली. “सर्वांत मोठी संख्या नसतेच. सर्वांत मोठी मूळ संख्याही नसते.”

“बरं, मग खरं काय आहे ते म्हण.”

“दशमान पद्धतीत, उजवीकडून एकेक अंक काढत गेल्यास उरणारी प्रत्येक संख्या मूळ असेल अशा ज्या एकंदर त्र्याऐंशी मूळ संख्या आहेत त्यांपैकी, एक ही संख्या मूळ न मानल्यास, ही सर्वांत मोठी.”

“एवढ्यात त्याने उरलेल्या दोन खोल्यापण नेल्या.”

बुधवारी दिवसभर आम्ही सराव केला. मी रुंदीकरण व्हायचो, जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे हात पसरून बसायचो. ती म्हणायची, “सर, ही जगातली सर्वांत मोठी,” आणि मग तिच्या घशात काहीतरी अडकायचं आणि ‘दशमान पद्धतीत’ बाहेर पडायचं. एकदा तिने नुसते ओठ मिटून घेतले तर डोळ्यांतून पाणी आलं. सवयीने खरं बोलणाऱ्या माणसाला अर्धं खरं बोलणं किती जड जातं, हे मी अर्थशास्त्राच्या माणसाने प्रथमच जवळून पाहत होतो.

गुरुवारी सकाळी मी माझा तास बुडवून व्हरांड्यात हजर होतो. सुतारकाका स्टूल घेऊन सातच्या दाराशी उभे होते. रुंदीकरण मागे हात बांधून उभे. मॅडम काटकोनात. लिमिटसर निघाले आहेत असा फोन येऊन गेला होता.

“चढा,” रुंदीकरण म्हणाले. सुतारकाका स्टुलावर चढले.

“सर,” बाई म्हणाल्या, “उतरवायच्या आधी एक सांगायचं राहिलं. ही संख्या, म्हणजे मूळची आठ अंकी, जगातली सर्वांत मोठी आहे.”

रुंदीकरणांनी हात सोडले. “सर्वांत मोठी?”

“हो.”

“जगातली?”

“हो.”

“कुणापेक्षा?”

आता आलं. मला तिच्या गळ्याची शीर दिसत होती, तिथून दशमान पद्धत वर सरकत होती. मी मोठ्याने खोकलो. मॅडमनी, ज्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, पेन खाली पाडलं. आणि बाई शांतपणे म्हणाल्या,

“अशा सगळ्यांपेक्षा.”

त्या ‘अशा’मध्ये सगळं होतं. दशमान पद्धत होती, उजवी बाजू होती, त्र्याऐंशी संख्या होत्या, एक मूळ न मानणं होतं. एवढं सामान एका शब्दात बसलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ती एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. तिला ते कळलं तेव्हा तिचा चेहरा त्या चहाच्या दिवसांसारखा झाला.

“आणि कुणी याहून मोठी काढली तर?” रुंदीकरणांनी विचारलं.

“काढूच शकत नाही, सर. सिद्ध झालेलं आहे. कायमची सर्वांत मोठी.”

कायमची. रुंदीकरणांचा हात कशाला तरी धरायला गेला. त्यांच्या कठड्याहून मोठा कठडा पुढच्याच वर्षी पलीकडच्या कॉलेजने बांधला होता. ते दुःख ताजं होतं.

“मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” ते बाईंवर कडाडले. “जगातली सर्वांत मोठी संख्या आपल्या व्हरांड्यात, आणि तुम्ही तिचे तुकडे करू दिलेत? पाच अंक काढून घेईपर्यंत स्वस्थ बसलात? जबाबदारी म्हणून काही आहे की नाही?”

“चुकलं, सर,” बाई म्हणाल्या.

“सुतार, खाली उतरा. नाही, चढलेलेच राहा. बाकीचे अंक कुठे आहेत?”

“कपाटात,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलंच होतं त्या कपाटात काहीतरी आहे.”

अंक परत लावायचे तर त्यांच्यामागे खोल्या हव्यात, नाहीतर संख्येच्या पोटात सन्मानचिन्हं दिसतील आणि फोटोत ते बरं दिसणार नाही, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. दोन दिवस कॉलेजात तास झाले नाहीत, नुसती सामानाची हलवाहलव झाली. जाळ्या आणि चेंडू गेले. गुणवत्ता कक्षाचं कुलूप तोडलं. आत एक टेबल होतं आणि त्यावर कुलपाची दुसरी किल्ली. फोटोकॉपीचं यंत्र तेवढं हललं नाही. चौकट पुन्हा काढायला सुतारकाकांनी साफ नकार दिला. तेव्हा ते यंत्र एकच्या खोलीत गणित विभागात राहिलं आणि विभागात इतके विद्यार्थी यायला लागले की प्रवेशसंख्या वाढली, असं रुंदीकरणांनी भाषणात सांगितलं.

पण भाषण नंतर. शनिवारी सकाळी आम्ही दोघं लवकर पोचलो. व्हरांड्यात ऊन आलं होतं. आठही अंक घासूनपुसून लखलखत होते. बायको एकेका दारापाशी थांबत, मनात वाचत निघाली. आठव्याच्या पुढे गेली आणि थबकली.

नवव्या दारावर, स्वच्छतागृहाच्या, कोरा करकरीत शून्य होता.

“सकाळी लावून घेतला साहेबांनी,” सुतारकाका म्हणाले. “म्हणाले, आहे ती सर्वांत मोठी, मग अजून दसपट मोठी करू. पाहुण्यांना सरप्राईज.”

बायको भिंतीला टेकली. “दहाने भाग जातो,” ती म्हणाली. “अहो, पाचाने जातो, दोनाने जातो. लहान पोरगंसुद्धा सांगेल. सर दहा मिनिटांत येतील.”

“काढून टाकू?” मी म्हणालो.

“काढलात तर साहेब मला काढतील,” सुतारकाका म्हणाले.

मॅडम आल्या. त्यांनी शून्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काटकोनातून वाकल्या. लिमिटसरही आले, आणि नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की ते वेळेवर आले होते. प्रसंगच तसा होता.

बायकोचं लक्ष सुतारकाकांच्या पिशवीकडे गेलं. गुणवत्ता कक्षाच्या कुलपाबरोबर दाराची मूठही निघाली होती. पितळी, गोल, लिंबाएवढी.

“काका, ही मूठ भिंतीवर ठोकता येईल?”

“कुठे?”

ती आठव्या आणि नवव्या दाराच्या मधे जाऊन उभी राहिली आणि अंकांच्या तळाच्या रेषेत बोट टेकवलं. “इथे. बरोबर इथे.”

सुतारकाकांनी दोन स्क्रूत काम केलं. मॅडमनी मागे सरकून पाहिलं आणि हळूच हसल्या. मला कळायला थोडा वेळ लागला.

मोठे सर आले. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला रुंदीकरण, हातात पुष्पगुच्छ. स्वागतकक्ष झाला नव्हता, म्हणून स्वागत व्हरांड्यातच झालं. सरांना चालत जायचं होतं. ते दर दाराशी थांबत, काठीने जमिनीवर ठोका देत, अंक मोठ्याने म्हणत गेले. सात. तीन. नऊ. आठव्यापाशी पोचले आणि पुढे बघितलं. बायकोने माझी बाही धरली.

“सर, नववा अंक माझ्यातर्फे,” रुंदीकरण म्हणाले. “संख्या दसपट केली. जगात कुठेच नाही.”

सर मुठीजवळ गेले. तिच्यावर बोट फिरवलं, शून्याकडे पाहिलं, मग सबंध व्हरांड्याकडे, पहिल्या सातापर्यंत. मग त्यांनी बायकोला खुणेने जवळ बोलावलं.

“पोरी, मी दहाही अंक लावून पाहिले होते,” ते म्हणाले. “टिंब लावायचं मला सुचलं नाही.”

“सर, दशांशस्थळ. शून्याला तेवढंच झेपतं,” ती म्हणाली.

“हे टिंब कसलं?” रुंदीकरणांनी विचारलं.

“शोभेचं,” सर म्हणाले. “संख्या नऊ अंकी झाली, हे खरं. अभिनंदन. किंमतही काही कमी-जास्त झाली नाही.” आणि लेकीच्या हातात काठी देत म्हणाले, “तुम्ही सभागृहात व्हा पुढे. इतकी वर्षं झाली, माझी नववी खोली मी एकदा आतून बघून येतो.”

कार्यक्रम पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला. विभागात चहा त्याआधीच झाला होता.